पाचव्या थरातला फाळ

प्रिय ताई,

हातोहात पाठवलेलं हे पाकीट पाहून तुला आधी हसू येईल. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी, दिवसातून तीनदा फोन करून तुझं डोकं खाणारी बहीण आज पत्र लिहायला बसली! पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे भावोजीसुद्धा कबूल करतील. आणि आज मध्येच कुणी थांबवलं तर मला पुन्हा बोलायचा धीर व्हायचा नाही.

तू जन्मभर ज्याचं खोदकाम केलंस ते डोंगरातलं जुनं राज्य आता शाळेच्या पुस्तकातही आलंय म्हणे. मला मात्र जेवणाच्या टेबलावरची तुझी शिकवणीच आठवते. मीठदाणी म्हणजे आपलं इवलंसं राज्य आणि दोन मोठी पातेली म्हणजे शेजारची बलाढ्य राज्यं. ना बंदर, ना मोठं सैन्य, ना धड सपाट जमीन. मग शंभर वर्षांत मीठदाणीनं दोन्ही पातेली गिळली कशी? जेवण निवायचं, आई ओरडायची आणि तू आपली तेच धरून बसायचीस.

माझा संसार मोडला नि मी लेकीला घेऊन परत आले, तेव्हा तू मला घरात रडत बसू दिलं नाहीस. सरळ खोदकामावर नेलंस आणि हातात पेन दिलंस. जे निघेल ते पिशवीत घालायचं, कोणत्या थरातून निघालं त्याची चिठ्ठी लिहून आत टाकायची. वस्तू आधी, चिठ्ठी मागाहून, हे तू पहिल्याच दिवशी तीनदा घोकून घेतलंस. खालचा थर जुना, वरचा नवा. चिठ्ठी चुकली की दोनशे वर्षं चुकली. आणि मी शहाणी! लेकीला शाळेतून आणायला वेळेवर निघता यावं म्हणून सकाळीच दिवसभराच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायला लागले.

एके दिवशी वारा सुटला, ताडपत्री उडाली, सगळ्यांची पळापळ झाली. हाताला येईल ती चिठ्ठी मी पिशव्यांत कोंबली. निघताना पाहिलं तर तिसऱ्या थराची एक चिठ्ठी उरलेली आणि पाचव्याची एक जास्तीची गेलेली. कुठली पिशवी चुकली तेही कळलं होतं मला. मातीनं लडबडलेला एक लांबट गोळा होता, कामगार त्याला रताळं म्हणून हसत होते. दगडच असेल, उद्या सांगू, असं म्हणत मी उरलेली चिठ्ठी फाडून टाकली. दुसऱ्या दिवशी तू कशावरून तरी माझ्यावर खेकसलीस आणि मी गप्प बसले.

पंधरा दिवसांनी ते रताळं साफ झालं आणि आतून नांगराचा लोखंडी फाळ निघाला. पाचव्या थरातला, म्हणजे शेजाऱ्यांकडे लोखंड आलं त्याच्या कितीतरी आधीचा! तुला तुझं उत्तर मिळालं. लोखंडी फाळानं डोंगरउतार फुटले, धान्य वाढलं, त्या धान्यावर सैन्य पोसलं आणि राज्य पसरलं. सगळ्यांसमोर तू मला मिठी मारलीस, म्हणालीस, हे सगळं हिच्या चिठ्ठीमुळे. आई गेल्यापासून मला कुणी असं जवळ घेतलं नव्हतं गं. माझी जीभ जी टाळूला चिकटली ती बावीस वर्षं तशीच. तुझ्या प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत बसून मी टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन नळ सोडून रडले.

आता भिंगरीचं. तुझी विद्यार्थिनी, पोटच्या पोरीसारखी वाढवलेली. ती म्हणते, राज्य वाढलं ते डोंगरातल्या तलावांमुळे. दोघे शेजारी एकमेकांशी भांडण्यात दंग होते, दुष्काळात त्यांची माणसं-गुरं या तलावांकाठी आली ती परत गेलीच नाहीत. लोखंड आलं ते मागाहून. तिच्या वाटेत आडवा येतो तो फक्त तुझा फाळ. प्रबंधात तिनं त्याला बगल दिली म्हणून तू तिला चारचौघांत बेइमान म्हणालीस आणि सोमवारच्या बैठकीत तिला नापास करा असं समितीला कळवून मोकळी झालीस.

ताई, तिनं फाळ टाळला तो बेइमानीनं नाही. खोदकामात निघालेल्या वस्तूंचं कोठार मी अजून सांभाळते, तिथं गेल्या महिन्यात ती माझ्याकडे आली होती. खोदकामाच्या जुन्या रोजनिशीत त्या वाऱ्याच्या दिवशी तिसऱ्या थराच्या चार पिशव्या, कोठारात तीनच. तिनं ताडून पाहिलं होतं. मावशी, फाळाची पिशवी नक्की पाचव्याच थरातली ना, असं तिनं सरळ विचारलं. मी उखडले. तू तेव्हा फ्रॉकमध्ये हिंडत होतीस, आता मला शिकवतेस, वाटेल ते बोलले. पोरीनं डोळ्यांत पाणी आणून माझी माफी मागितली. माझा अपमान नको म्हणून ते अख्खं प्रकरण प्रबंधातून काढून टाकलं. बेइमान मी आहे.

आज सकाळी मी समितीला लेखी जबाब देऊन आले. त्यांच्या तोंडून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझं पुस्तक, तुझं नाव, सगळं मी मातीत घातलं. माझं तोंड पाहू नकोस, मला चालेल. पण भिंगरी सामान बांधते आहे, उद्या दुपारी खोली सोडून जाणार आहे. अजून तिला काही ठाऊक नाही. कार्यालयातून कळायच्या आत तू जा तिच्याकडे.

बहीण म्हणवून घ्यायची हिंमत नसलेली, तरी तुझीच,
धाकटी