फोटो उन्हात ठेव

प्रिय दादा,

या पाकिटात आणखी एक पाकीट आहे, काळ्या कागदाचं. ते आधी उघड. आत तू मागितलेला बाबाचा फोटो आहे. कागद वाकलाय, आपल्याकडच्या हवेत तो असाच वाकतो, म्हणून तुझ्या नव्या घराच्या गॅलरीत चांगलं ऊन येतं तिथे तोंड वर करून सपाट ठेव आणि चारही कोपऱ्यांवर वजन ठेव. मग खुर्ची ओढून शेजारी बस आणि हे पत्र सावकाश वाच. वाचून होईपर्यंत फोटोला हात लावू नको. वहिनीला हाक मारायची तर मार, पण मला वाटतं तू एकट्यानं वाचलेलं बरं.

बघितलास ना? हसरा फोटो मागितला होतास. हसतोय की नाही ते तू ठरव, मला ठरवता आलं नाही. मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, “कुंते, वास्तू हाये, भिंतीवर बाबाचा फोटो नाई म्हंजे कसं दिसन? लोकं काय म्हनतीन?” चंद्रपूरला राहून पाच वर्षं झाली तरी तुझी बोली गेली नाही, ऐकून बरं वाटलं. आणि लोकं काय म्हणतील हेही गेलं नाही. बाबाच्या आधार कार्डावरचा फोटो कुणाचाही असू शकतो. माझ्या लग्नातल्या एका फोटोत तो होता, त्याला वाळवी लागली. नाहीतर आपला बाबा, डोमा, कुणाच्या फोटोत कधी सापडायचा नाही. मी चंद्रपूरला सोमाजीकाकांच्या स्टुडिओत चार वर्षं काम केलं, लोकांचे शेकड्यांनी फोटो काढले, आणि आपला बाप मात्र कॅमेरा दिसला की तोंड फिरवून जाळं झटकायला लागायचा. “मले काय पाहाचं, तळं पाह्य,” म्हणायचा. म्हणजे तुझ्यासमोर उन्हात पडलाय तो बाबाचा एकुलता एक फोटो आहे, दादा. सांभाळ.

तो कधी काढला ते तुला आठवत असेलच, तरी सांगते. टाळेबंदीचं ते वर्ष. तू गावचा पोलीस पाटील. मी नवऱ्याला सोडून आलेली, बाबाच्या घरी, गावाच्या टोकाला. स्टुडिओ बंद पडला तेव्हा सोमाजीकाकांनी त्यांचा रिळाचा कॅमेरा आणि फोटो मोठा करायचं यंत्र मलाच दिलं होतं. धानाच्या कोठीत मी लाल दिवा लावून अंधारी खोली केली होती. तीन ताटल्या: पहिलीत चित्र उमटतं, दुसरीत थांबतं, तिसरीत पक्कं होतं. उन्हाळ्यात पाणी तापतं म्हणून माठाचं पाणी वापरायचं. घराबाहेर जायची बंदी, रिळं दोनच, तीही तारीख उलटलेली. म्हणून मी ठरवलं, दिवसाला एकच फोटो, तोही अंगणातून दिसेल तेवढ्याचाच. हापशावर बसलेली कोंबडी काढली. शाळेचं कुलूप काढलं. बिरजूभाऊ पालथ्या डोंग्यावर बसून जाळं विणत होता, तो काढला. तू आलास की हसायचास, “लोकं मरून राह्यले अन् तुले फोटो सुचून राह्यले.” मला मात्र त्या दिवसांत दुसरं काही धरायला नव्हतं. दिवसभर अंगणात फिरायचं, काय काढायचं ते ठरवायचं, ऊन बघायचं आणि एकदा बटण दाबायचं. तेवढ्यानं दिवस जायचा.

बाबा तेव्हा तेलंगणात मिरची तोडायला गेलेला. तळ्यात पाणी थोडंच होतं त्या साली, मासा नव्हता, म्हणून गावातले पाच जण गेले. गाड्या बंद झाल्या तसे ते रुळाच्या कडेनं चालत निघाले, नदी ओलांडली आणि सहाव्या दिवशी शिवेवर आले. तू तिथे लाकडं आडवी घातली होतीस, काटे लावले होतेस. चौघांना तू शाळेत ठेवलंस. बाबा खोकत होता म्हणून त्याला तळ्याच्या पाळीवर, बांधावर, मोहाखाली बसवलंस. चौदा दिवस.

मिरची तोडून आलेला माणूस महिनाभर खोकतो, दादा. तिखटाची धूळ छातीत बसते. आपल्या गावातलं शेंबडं पोरगं सांगेल. तू स्वतः दोन वर्षं गेला होतास तिकडे आणि होळीपर्यंत खोकत होतास, आईनं हळदीचं दूध देऊन देऊन बरा केला होता. तुला ठाऊक होतं तो कसला खोकला आहे. पण लाकडांपाशी सगळं गाव उभं होतं आणि तू मोठ्यानं म्हणालास, “माहा बाप असला म्हनून काय झालं? नियम म्हंजे नियम.” बायांनी माना डोलावल्या. बाबासुद्धा तिकडून म्हणाला, “बराबर बोलला अंकुश.” पोराचा शब्द पडू नये म्हणून तो खोकला दाबत होता, तेही मी बघत होते. त्याला निदान शाळेच्या व्हरांड्यात तरी वेगळं ठेव, एवढंही मी बोलले नाही. माझंही लिहून ठेवते, म्हणजे तू नंतर सांगायला नको.

रोज सकाळी मी लाकडांपाशी भात आणि पाण्याचा गुंड ठेवायची आणि मागे सरायची. बाबा येऊन घेऊन जायचा. पहिले दोन दिवस बोलायचा, नंतर हात हलवायचा. मोहाची फुलं गळून गेली होती आणि झाडाला नवी पालवी नीट धरलेली नव्हती, सावली म्हणजे नुसतं नाव. तुला छत घालायला सांगितलं तर म्हणालास माणसं मिळत नाहीत. त्याच दिवशी तुझ्या दारापुढे मांडव घातला गेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं लिहायला तुला सावली हवी होती. मला कुणावर ओरडता येत नव्हतं म्हणून मी कॅमेरा घेऊन अंगणाच्या कडेला उभी राहायची. तिथून बाबा शंभरेक पावलांवर. दिवसाचा एक फोटो आता त्याचाच. तो मात्र दर वेळी पाठ करून बसलेला, नाहीतर गमछा डोक्यावर घेऊन आडवा.

आठव्या दिवशी दुपारी तो उभा राहिला. माझ्याकडे तोंड करून सरळ उभा राहिला आणि दोन्ही हात डोक्यावर नेले. दादा, मला काय वाटलं सांगू? मला वाटलं बाबा फोटोसाठी उभा राहिला. जन्मात पहिल्यांदा. मला फार आनंद झाला. घाई केली नाही मी. दिवसाचा एकच फोटो, वाया जायला नको. दोन पावलं मागे गेले, मागचं तळं चौकटीत घेतलं, तो हात खाली घेईना म्हणून मनात म्हटलं, बाबा, किती गुणाचा आहेस तू आज. श्वास रोखला आणि बटण दाबलं. त्यानंतरही तो तसाच उभा होता. मी हात हलवला, झालं, झालं, अशी खूण केली. मग तो खाली बसला.

तशीच पळत तुझ्याकडे आले. तू मांडवात रजिस्टर घेऊन बसलेला, समोर दक्षता समितीची माणसं. मी हसत हसत म्हटलं, “दादा, बाबानं आज फोटो काढू देला! असे हात वर केले,” आणि माझे दोन्ही हात वर करून दाखवले. तू माझ्या हातांकडे बघितलंस. उठलास. मांडवाच्या कडेला ठेवलेल्या चपलांत पाय घातलेस. मग समोरच्या माणसांकडे बघितलंस, चपला काढल्यास आणि परत येऊन बसलास. म्हणालास, “उन्हानं डोस्कं फिरलं असन बुढ्याचं. जाय, भात टाक.” मला वाटलं तुला लघवीला जायचं असेल. खरंच तेवढंच वाटलं. मी जाऊन भात टाकला.

दुसऱ्या दिवशी गुंड भरलेला तसाच होता.

पुढचं तुला माहीत आहे. घशातला नमुना नागपूरला गेला होता, त्यात काही निघालं नाही, पण तो कागद आला तेव्हा बाबाला जाऊन चार दिवस झाले होते. डॉक्टर म्हणाले ऊन लागलं. तुझा सत्कार झाला, शाल आणि श्रीफळ, आणि पेपरात फोटोसकट आलं की सख्ख्या बापालाही नियम लावणारा पाटील. मग तू चंद्रपूरला गेलास, बांधकामाचा ठेका घेतलास, घर बांधलंस. सत्काराचं ते प्रमाणपत्र काचेत घालून बैठकीत लावलंयस म्हणे. त्याच्या शेजारीच बाबा लावायचा होता ना तुला? वहिनीनं सांगितलं. जागा मोजूनही ठेवलीस म्हणाली.

मी त्या दिवसानंतर कॅमेऱ्याला हात लावला नाही. रीळ आतच होतं, पाच वर्षं. तुझा फोन आला नसता तर आतच राहिलं असतं. पण एकुलता एक भाऊ बापाचा फोटो मागतो म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? नागपूरहून सगळी औषधं मागवली, नवीन, भरपूर. कोठीतलं धान हलवलं, लाल दिवा लावला. मला वाटलं नव्हतं काही येईल, पण जुनं रीळ इमानी निघालं. कागद पहिल्या पाण्यात टाकला आणि आधी हात आले, काळेभोर, मग चेहरा. यंत्रावर आणखी मोठा केल्यावर दिसलं, बाबाचं तोंड उघडं आहे. तो काहीतरी ओरडतोय. शंभर पावलांवरून मला ऐकू आलं नव्हतं.

पहिला फोटो मी व्यवस्थित तीनही ताटल्यांतून काढला आणि अंगणात दोरीला वाळत घातला. बिरजूभाऊ चहाला आला होता. तीस वर्षं बाबाबरोबर मासे धरायला डोंग्यात बसलेला माणूस. कप हातात घेऊन दोरीपाशी गेला आणि बघतच राहिला. मी म्हटलं, “भाऊ, कसा फोटोसाठी उभा राह्यला पाह्य बाबा.” तो म्हणाला, “पोरी, हे फोटोसाठी नोहे.” मग त्यानं मला सांगितलं. तळ्यावर वारा असला की एका डोंग्याचा आवाज दुसऱ्या डोंग्याला जात नाही. म्हणून हातानं बोलतात. एक हात वर म्हणजे थांब तिथेच. दोन्ही हात वर म्हणजे मी बुडतोय, सगळं सोडून ये. मला बाईमाणूस म्हणून कधी कुणी डोंग्यात बसवलं नाही, मला कुठून कळणार? बिरजूभाऊला विचारलं, अंकुशला माहीत आहे का हे? तो म्हणाला, “डोमानं पयल्या दिवशी तेच शिकवलं पोराले. अंकुश दहा वर्सं बसला ना आमच्यासंगं.” चहा तसाच ठेवून तो गेला.

तेव्हा मला त्या चपला आठवल्या. तू पाय घातले होतेस, दादा. तू ओळखलं होतंस. मी नव्हतं ओळखलं, म्हणून मी फोटो काढला. तू ओळखलंस आणि चपला काढून ठेवल्यास, कारण समोर चार माणसं बसली होती. आपल्या दोघांत वाईट कोण याचा मी बरेच दिवस विचार केला. आता करत नाही.

आता फोटोकडे बघ. बाबाची पांढरी बंडी होती ती आधी करडी झाली असेल. मग केस, मग मागचं पाणी, मग चेहरा. तू वाचायला लागलास तेव्हापासून तो काळा होत चालला आहे. तिसऱ्या ताटलीत पक्का करतात असं मी वर लिहिलंय. तुझा कागद मी त्या ताटलीत घातला नाही. औषध संपलं नव्हतं, अख्खी बाटली शिल्लक आहे. असा कागद अंधारात राहतो, उन्हात जातो. मोबाईल शोधायला धावू नको, आता त्यात काळ्या कागदाशिवाय काही येणार नाही, आणि काळ्या पाकिटात परत घालूनही उपयोग नाही. तुझ्या शेजारी उन्हात बाबा जात होता आणि तू वाचत बसला होतास. तुला असं बसता येतं हे मला माहीत होतं, म्हणून तर पत्र इतकं लांबवलं. तो काळा कागद लाव भिंतीवर, जागा मोजलेलीच आहे. पक्का केलेला फोटो माझ्या घरात दारासमोर टांगलाय. तळ्यावरचे सगळे येऊन बघून गेले आणि कुणालाही हातांचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही. तुला बापाचं तोंड बघायचं असेल तर इथे ये, पाळीच्या वाटेनं, मोहाखालून. शिवेवरची लाकडं केव्हाच जळणाला गेली. तुला कुणी अडवणार नाही.

तुझीच,
कुंता