सामनेवाल्यांचा पत्ता

ती. वन्सं यांना,

कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही माझ्या वन्संच, म्हणून वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, ते ऐका जरा. मी इकडे खुशाल आहे. (खुशाल आहे हे तुमच्या बंधुराजांना कळवायला हरकत नाही. कुठे खुशाल आहे, ते मात्र कळवायचं नाही. माझा पत्ता जगात फक्त तुमच्याकडे आहे, हे पुन्हा एकदा सांगून ठेवते. आणि 'बंधुराज' का, तर त्यांना 'हे' म्हणायचं मी सोडलंय.)

तुम्ही म्हणाल, काडीमोडच घ्यायचा तर आपल्या राज्यातली कोर्टं काय ओस पडली होती? अहो, आपल्याकडे न्यायाधीश कारण विचारतात. काय सांगू? नवरा कुलूपवाला आहे, त्याने घराचं कुलूप वर्षात तीनदा बदललं आणि तिसऱ्याची किल्ली मला दिलीच नाही, हे? दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मी माझ्याच दारात उभी, स्वतःच्या घराची बेल दाबतेय, आणि आतून विचारणा, 'कोण?' कोण म्हणजे काय हो! त्या एका शब्दाने माझ्या काळजाला घरं पडली, पण ती न्यायाधीशाला कशी दाखवायची? या देशात राज्यागणिक कायदा वेगळा, आणि या राज्यात बरं आहे. सहा महिने राहायचं, मग 'आमचं पटत नाही' एवढं म्हटलं की अर्ज घेतात. म्हणून मी इथे एका लाँड्रीच्या मागच्या खोलीत शिलाई मशीनवर बसते, लोकांच्या विजारी आखूड करते आणि दिवस ढकलते.

संशयी स्वभाव तुमच्या घराण्याचा, माझा नव्हे. (साखरेच्या डब्यात साखर सपाट करून वर बोटाने रेघ ओढते, ती निव्वळ टापटीप म्हणून.) पण दिसतं ते दिसतं. मी कचरा टाकायला निघाले की घरमालकीण नेमकी जिन्यातल्या कुंडीला पाणी घालायला येते. कुंडीतलं झाड प्लॅस्टिकचं आहे! त्यात समोरच्या इमारतीत, बरोब्बर माझ्या खिडकीसमोर, एक टोपीवाला राहायला आला. तोंडासमोर पेपर धरून बसतो आणि पान म्हणून उलटत नाही. माझ्या मनात पाल चुकचुकली. हा नक्की तुमच्या बंधुराजांनी नेमलेला हेर. मी पडदा उघडला की त्याचा पेपर वर, पडदा लावला की पेपर खाली. (लावलेल्या पडद्यातून मला कसं दिसलं, असं विचारू नका. पडद्याला छोटंसं भोक पाडलंय, ते उजेडासाठी.)

आता आमच्या वकीलबाई. हुशार, पण सदा घाईत. अर्जाच्या आधी नोटीस पाठवून ठेवू म्हणाल्या, आणि फोनवर विचारलं, सामनेवाले सध्या कुठे राहतात? माझ्या डोक्यात सकाळपासून टोपीवाला. मला वाटलं, बाईंनाही सुगावा लागला. म्हटलं, कुठे म्हणजे? समोरच! दुसरा मजला, खिडकीची काच फुटकी. त्यांनी इमारतीचा नंबर विचारून लिहून घेतला. मला मेलीला काय ठाऊक, वकिलांच्या भाषेत 'सामनेवाले' म्हणजे ज्याच्यावर दावा लावायचा तो, म्हणजे माझा नवरा! नोटीस निघाली तुमच्या बंधुराजांच्या नावाने आणि गेली टोपीवाल्याच्या दारात.

मी उजेडाच्या भोकातून पाहत होते. पोस्टमनने इमारतीच्या दाराशी नाव मोठ्याने वाचलं. टोपीवाल्याने टोपी नाकापर्यंत ओढून मान डोलावली, सही केली आणि नोटीस खिशात घातली. परक्याची नोटीस कोण हो अशी गपचूप घेतं? मी म्हटलं, बघा, हेराला सहीचे अधिकारसुद्धा देऊन ठेवलेत! रागाने मला जेवण गेलं नाही.

मग परवा लाँड्रीत एक विजार आली. मालक म्हणाला, गिऱ्हाईक टोपी घालून होतं, नाव सांगितलं नाही. डावा पाय अर्धा इंच आखूड करा, तुमच्या बाईंना कळेल, एवढंच बोललं आणि सटकलं. तुमच्या घरात डावा पाय कुणाचा आखूड आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. लहानपणी झाडावरून ते तुमच्याच धक्क्याने पडले होते. शिवायच्या आधी खिसे उलटे करून बघायचे, ही आमच्या कामाची रीत. खिशातून किल्ली निघाली. नवी कोरी, पितळी, दाते हाताने घासलेले. तिसऱ्या कुलपाची. मी मशीन थांबवलं आणि किल्लीचे दाते एकेक करून बोटाने मोजले. रडले बिडले नाही. (लाँड्रीचा मालक काही सांगेल तर विश्वास ठेवू नका. त्याला दुरून कमी दिसतं.)

आता मुद्द्याचं. माझा पत्ता फक्त तुमच्याकडे होता. मी आरोप करत नाही हं! पण मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही अगदी सहज विचारलंत, 'तुझ्या समोर कुठे खोली रिकामी असते का गं?' मी भोळी, मला वाटलं तुम्हाला गुडघ्यासाठी हवापालट हवाय! असा घरभेदीपणा दुसऱ्या कुणी केला असता तर जन्मात तोंड पाहिलं नसतं. तुमच्या गुडघ्याकडे बघून सोडून देते. अर्ज मात्र मी करणार म्हणजे करणार.

भाच्यांना आशीर्वाद.

तुमची (निकाल लागेपर्यंत)
भावजय

ता. क. मी इथे सलग राहिले याला साक्षीदार लागेल, असं वकीलबाई म्हणतात. इथे मला कुत्रं ओळखत नाही. डोळ्यांत तेल घालून माझ्यावर नजर ठेवणारा माणूस एकच. सामनेवाले माझ्या बाजूने साक्ष देतील का, विचारून बघा.

आणखी ता. क. ह्यांचा तपकिरी स्वेटर कपाटात वरच्या फळीवर आहे, तो पाठवा. फुटक्या काचेतून वारा येतो आणि हे खोकतात, पेपर हलतो. मी सांगितलं म्हणू नका.

शेवटचा ता. क. माझ्या खोलीचं कुलूप अडकतंय, रविवारी हत्यारं घेऊन या, असं ह्यांना कळवा. बेल दाबली की मी आधी आतून 'कोण?' विचारणार आहे, तेही कळवा. कुलूप ठणठणीत आहे, हे तेवढं कळवू नका.