चालू लिफ्टचं सर्व्हिसिंग

ता. ९ फेब्रुवारी

ती. आक्कास बारक्याचा सा. न. वि. वि.

पत्र लिहायचं कारण तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं ते तू ऐकून घेत नाहीस.

ठकी बाळंतपणाला आली, मुलगी झाली, हे कळवलंच होतं. नात गुटगुटीत आहे. आवाज असा, की आमच्या कुठल्याही लिफ्टची घंटा मागे पडावी. बिघडलंय ते आमच्या लेकीचं. रडत नाही, भांडत नाही. धुतलेली दुपटी पुन्हा धुते, आणि शेजाऱ्यांचं चुकून आलेलं पार्सल परत करावं तशी पोरीला आमच्या हवाली करते. जावई शनिवारी येतात, फोटो काढतात, जातात. मला वाटलं, दमली असेल. तळमजल्यावर उभं राहून वरच्या मजल्यावरचं बेअरिंग गेलंय हे सांगणारा मी; घरातलं मला ऐकू आलं नाही. परवा भाजी निवडता निवडता ती आईला शांतपणे म्हणाली, की पोरगी तुमच्याकडेच ठेवा, माझं काही खरं नाही. हिनं भाजी तशीच टाकली आणि तिला घेऊन तडक दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर बऱ्याच जणींना होतो, आणि बरा होतो. रोज गोळी, अंगावरच्या दुधाला चालेल अशी. शिवाय दर आठवड्याला एका बाईंकडे जाऊन बोलायचं. काल मी त्या बाईंच्या दाराबाहेर बसलो होतो. माझे कान तुला ठाऊक. बाईंचा आवाज असा नाहीच! बोलायची फी घेतात आणि बोलत नाहीत. हा धंदा मला आधी सुचला असता तर जन्मभर लिफ्टच्या दोरांना ग्रीस कशाला लावत बसलो असतो?

लोभ आहेच, त्यात कपात करू नये.

तुझा बारक्या (वजन विचारू नये)

ता. १६ फेब्रुवारी

चि. बारक्यास अनेक आशीर्वाद, आणि एक कानपिचकी वेगळी.

गोळ्या? बाळंतिणीला? असली थेरं आपल्या घरात कधी नव्हती. तुझ्या वेळी आई कितीतरी महिने भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची; कोणी डॉक्टर आणला नाही. तिचा स्वभावच तसा, म्हणून सगळ्यांनी समजून घेतलं. तुझी अंघोळ, दूध, झोप, सगळं शाळा बुडवून मी केलं, आणि तू वाढलास की. गरजेपेक्षा जास्तच.

आणि बोलायचंच आहे तर परकी बाई कशाला? आपली माणसं काय मुकी आहेत? सगळ्यांना बोलावून घे. धीराचे चार शब्द सांगा तिला. मी मुख्याध्यापिका होते. नुसतं बोलून भल्याभल्यांना सरळ केलंय.

लोभ असू दे. राग तू कमावलेला आहेसच.

आक्का

ता. २४ मार्च

ती. आक्कास सा. न.

तुझा हुकूम पाळला. मामी आली, शेजारीण आली, ठकीच्या सासूबाई मुक्कामाला आल्या. एकीनं सांगितलं हसत राहा, दुसरीनं सांगितलं पोरीच्या तोंडाकडे बघ, तिसरीनं स्वतःची सगळी बाळंतपणं ऐकवली, टाक्यांसकट. ठकी सगळ्यांना हो म्हणाली, चहा दिला, आणि न्हाणीघरात नळ सोडून बसली. नळाखाली बादली नव्हती, हे मला बाहेरून ऐकू आलं. मग मी पाहुण्यांना प्रेमानं वाटेला लावलं. गोळ्या आणि न बोलणाऱ्या बाई मात्र तुला न विचारता चालूच होत्या.

आता खरी बातमी. परवा जिना चढताना कानावर आलं, ठकी पोरीशी गुणगुणत होती. आक्का, मी पायरीवरच बसलो. वर जाऊन विचारलं, बरं वाटतंय ना? हो म्हणाली. म्हटलं, मग कशाला औषधं पोटात ढकलायची? गोळ्या आणि बाई, दोन्ही बंद करून टाकलं. ठकीच्या आईनं तोंड फुगवलंय. फुगवू दे.

धंद्यातली एक गंमत. लिफ्ट छान चालतेय म्हणून एका इमारतीच्या चेअरमननी आमचं सर्व्हिसिंग बंद केलं होतं. काल स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. बाहेर काढून मी त्यांना नम्रपणे समजावलं, की साहेब, लिफ्ट छान चालत होती ती सर्व्हिसिंगमुळेच. एवढी साधी गोष्ट लोकांच्या डोक्यात कशी शिरत नाही, कमाल आहे!

लोभ वाढला असेल तर कळव.

बारक्या

ता. ३० मार्च

चि. बारक्यास आशीर्वाद मागाहून.

चेअरमनची गंमत वाचून हसले. मग तिच्या वरचा मजकूर पुन्हा वाचला. बारक्या, तो चेअरमन तूच. हे पत्र हातात पडताच ठकीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे जा.

गोळ्यांना मीच नाक मुरडलं होतं, ठाऊक आहे. पण तुझ्या पहिल्या पत्रातलं ठकीचं ते वाक्य कुठंतरी ऐकलंय असं सारखं वाटायचं. काल आठवलं. आईनं तुला माझ्या मांडीवर ठेवलं तेव्हा हेच म्हणाली होती, की हा तुझ्याकडेच ठेव, माझं काही खरं नाही. मी पोर, मला बाहुली मिळाल्याचा आनंद. कोणाला सांगितलं नाही, आईनं मन बदललं तर, या भीतीनं.

आधी जा. लोभाचं मग बघू.

आक्का

ता. ८ एप्रिल

ती. आक्कास सा. न.

गेलो. ठकी पुन्हा दुपट्यांवर आली होती; मी बघून न बघितल्यासारखं करत होतो. मी चेअरमनना जे सुनावलं तेच डॉक्टरीणबाईंनी मला सुनावलं, फक्त नम्रपणा वगळून. औषध कधी आणि कसं कमी करायचं ते त्या ठरवतील, मी नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

न बोलणाऱ्या बाईंनी या वेळी ठकीला विचारून मलाही आत घेतलं; अट एकच, मी तोंड उघडायचं नाही. ठकी म्हणाली, की बाबांनी विचारलं तेव्हा तिला तसं बरं वाटत नव्हतं. पण जिना चढून आलेले बाबा इतके खूष दिसत होते, की नाही म्हणवेना.

त्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय. उरलेला वेळ मी तेवढंच ऐकत बसलो. दुसरं ऐकवत नव्हतं.

लोभाला पात्र आहे की नाही, तूच ठरव.

बारक्या

ता. १२ जून

ती. आक्कास सा. न.

गोळ्या चालू, बाई चालू, पाहुणे बंद. आज सकाळी ठकीनं पोरीला माझ्या मांडीवर ठेवलं, आणि अंघोळीला जाता जाता दारातून वळून मला दम दिला, की लगेच परत द्यायची, शेजारीपाजारी मिरवत बसायचं नाही. परत द्यायची म्हणाली, आक्का! बरं वाटतंय का, असं मी विचारलं नाही.

तुला मात्र एक विचारायचंय. आईनं मला तुझ्याकडून कधी परत मागितलं होतं का गं?

तुझा बारक्या

ता. १९ जून

चि. बारक्यास आशीर्वाद.

मागितलं होतं. तू धरून धरून उभा राहायला लागला होतास. मी द्यायला तयार नव्हते. तुला गच्च धरून बसले, आईला चावलेसुद्धा. शेवटी तूच तिच्याकडे झेपावलास, मेल्या.

गोळ्या बंद करू नकोस.

लोभ आहे तिथंच आहे.

आक्का