न धावणारे उंदीर

सर, आज प्रयोगशाळेत एकटीच बसले होते आणि तुमच्याशी बोलावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की कॉलेजात तुम्हाला पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

पीएचडीला तुमच्याकडे आले तेव्हा मी गुढियारीच्या रेल्वे क्वार्टरमधून सायकलने यायची. विषय तुम्हीच दिलात. एका उत्तेजक औषधाची दोन रूपं. रेणू तोच, पण एक दुसऱ्याचं आरशातलं प्रतिबिंब, डाव्या-उजव्या हातासारखं. दोन्ही उंदरांना द्यायची आणि वागण्यात काय फरक पडतो ते पाहायचं. उजव्या रूपाने उंदीर पिंजराभर धावत सुटले. डाव्याचे कोपऱ्यात बसून राहिले. हालचाल मोजणाऱ्या यंत्राचा आकडा जेमतेम सरकला आणि मी खुशीत तुम्हाला सांगितलं, "सर, डाव्याचा काही असर नाही."

तुम्ही चष्मा पुसत होतात. "मशीन फक्त धावणं मोजते. तू काहून पाहून नाही राहिली?"

मग मला स्टुलावर बसवलंत, स्वतः शेजारी बसलात. कूलरचा आवाज, पिंजऱ्यातल्या भुशाचा वास. बराच वेळ काहीच नाही. मग दिसलं. तो उंदीर एकच जागा हुंगतोय, मान खालीवर, खालीवर, थांबतच नाही. "हा शांत नाही," तुम्ही म्हणालात. "हा अडकून गेला आहे."

विभागप्रमुखांना ते पटलं नाही. डोळ्यांनी पाहिलेलं काही पुरावा नसतं, डावा गट काढून टाका आणि प्रबंध जमा करा, म्हणाले. तुम्ही आवाज चढवला नाहीत. "दो लोग अलग-अलग देखेंगे. दोनों का मिला, तो मानोगे?" ते हो म्हणाले, पण तासन्‌तास उंदीर पाहत बसायला दुसरं कोणी तयार होईना. त्यातच तुमची निवृत्ती आली. मग तुम्हीच यायला लागलात. पेन्शन घेणारा माणूस, रोज शंकर नगरहून, डबा घेऊन. कोणत्या उंदराला कोणतं रूप दिलंय हे दोघांनाही ठाऊक नसायचं. पिंजऱ्याच्या दोन बाजूंना बसून, एकमेकांशी न बोलता आपण पाहत राहायचो. आपलं पाहणं जुळलं. त्या उन्हाळ्यात तुमचा हात थरथरायचा. मी विचारलं तर म्हणालात, "माह्याकडे नको पाहू, उंदराकडे पाह."

तोंडी परीक्षेच्या आधीच तुम्ही गेलात. परीक्षकांनी विचारलं, दुसरे निरीक्षक कोण, त्यांना बोलावता येईल का? "नाही, सर गेले," मी म्हणाले. त्यांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. डावा गट प्रबंधात राहिला.

संध्याकाळी पेढे घेऊन तुमच्या घरी गेले. काकू म्हणाल्या, "रिटायर झाल्यावर घरी बोलतच नव्हते ते. तुह्याकडून आले का मात्र जेवताना बोलत. मले तर साऱ्या उंदरांची नावं पाठ झाली होती." आपल्या उंदरांना नावं नव्हती, सर. ती तुम्ही काकूंसाठी ठेवली असणार. त्यांनी एकेक नाव सांगितलं आणि मी प्रत्येकाला मान हलवली.

आता माझी एक विद्यार्थिनी तसंच काम करते. घरची मराठीच, पण इथल्या सगळ्यांसारखी हिंदीतच बोलते. आज मी तिला म्हटलं, "बस थोडी, पाहू आपण." ती म्हणाली, "मॅडम, कैमरा सब रिकॉर्ड कर रहा है ना." तिचं काही चुकलं नाही. ती गेली, मी बसून राहिले. गार्डने दिवे बंद करू का विचारलं, तेव्हा हव म्हणून उठले. घरी आले. माझ्या पोट्ट्याचा फोन आला, तो हिंदीतच बोलतो; जेवलीस का विचारलं आणि ठेवला.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही हे मला कळतं. तुम्हाला औषधांबद्दल काही विचारायचंही नव्हतं. दिवसभरात कोणाशी मराठीत बोलणं झालं नव्हतं, एवढंच.