सोयरिकीचा चहा

मंगळवार, दिवेलागण

डॉक्टर म्हणाले, लिव्हरवर चरबी चढलीय. गावात कळलं आणि माझा मेहुणा टपरीवर सगळ्यांसमोर म्हणाला, "दाजी, चोरून कधीपासून?" गळ्यातली माळ दिसत नाही त्याला? दारूचा थेंब घेतला नाही मी कधी.

डॉक्टरांनी तर पोटाचा घेर बघून गोड किती खाता, चालता किती, एवढंच विचारलं. काय सांगू? मी सोयरिकी जुळवतो. दिवसभर जीपमध्ये बसून गावं फिरायची आणि घरोघरी पाकासारखा चहा, वर शिरा. चहा नको म्हटलं की लोक समजतात, स्थळ नाकारलं.

माळ बघून दारूचा आग्रह कुणी करत नाही. मग चहाचाच का?

बायको म्हणते, "उद्या शिरूरला घोटभर तरी घ्या, न्हाईतर सोयरीक मोडंल."

मोडू दे. कपभर चहावर मोडणारी सोयरीक टिकणार तरी किती? उद्या बैठकीत माळेवर हात ठेवून सांगणार, स्थळ पसंत हाय, चहा सोडलाय.

मेहुण्यालाही नेणार. यापुढं माझ्या वाटणीचा चहा रोज त्यानं प्यावा. मग एक दिवस त्याच टपरीवर मी विचारीन, चोरून कधीपासून?