सतरा शर्ट

आई, काल सकाळी गावाहून फोन आला. मी इथे आखातात, गुदैबियातल्या फ्लॅटमध्ये भेंडी चिरत होते. ज्या मास्तरांना पाखल्यांनी चौकीजवळ गोळी घातली, त्यांचा पुतण्या बोलत होता. पाखले म्हटलं की माझ्या मुलीला कळत नाही, तिला मी पोर्तुगीज शिपाई असं सांगते. गोवा सुटावा म्हणून आपल्या गावातले जे झटले, त्यांच्या नावांचा दगड बसवताहेत. "ताई, वर आमच्या काकांचं नाव, त्याच्याखाली तुमच्या आईंचं," तो म्हणाला. "आमची आत्या आता थकलीय, पण पडदा तीच बाजूला करणार. तुम्ही फक्त हो म्हणा, आणि आईंविषयी एक ओळ द्या." मी त्याला संध्याकाळी फोन करायला सांगितलं. मुलगी लॅपटॉपवरून मान न उचलता म्हणाली, "मम्मा, इट्स अ गुड थिंग, नो?"

मी दहा वर्षांची होते. शाळेत निबंध लिहिला होता, माझी आई स्वातंत्र्यसैनिक. चौकीवरचे कपडे धुता धुता तू शिपायांची खबर मास्तरांना द्यायचीस, एवढं मी गावात ऐकलं होतं. तू भाकरी थापते आहेस. तुला वाचता येत नाही म्हणून मी मोठ्याने वाचते आहे. तू पिठाच्या हाताने वही घेतेस, पान फाडतेस आणि चुलीत घालतेस. "माजा नाव खंय लिवचा नाय. मी मेल्यार पण नाय." मी रडायला लागते. तू भाकरी उलटतेस आणि माझ्याकडे न बघता सांगायला लागतेस.

दर सोमवारी चौकीवरून धुण्याचं गाठोडं यायचं, एका शिपायामागे एक खाकी शर्ट. तू नदीवर शर्ट मोजायचीस आणि आंघोळीला आलेल्या मास्तरांना आकडा सांगायचीस. आकडा वाढला की नवी तुकडी आली, घटला की गेली. वर्षभर एकदाही चुकलं नाही. त्या सोमवारी सतरा भरले. मास्तरांनी विचारलं, "नक्की गो?" तू म्हणालीस, "सतराच. माज्या हातांका म्हायत आसा." मास्तर हसले. दुसऱ्या दिवशी ते चौघांना घेऊन चौकीची तार तोडायला गेले, आणि आत सतराच्या दुपटीहून जास्त माणसं होती. नवी तुकडी रविवारी आली होती. तिच्या अंगावर धुतलेले शर्ट होते. ते मळून तुझ्याकडे यायला आठवडा जायचा होता. चौघे परत आले. "मी कपडे मोजलंय गो, माणसां नाय," तू म्हणालीस, आणि मला पानात भाकरी वाढलीस.

जुफैरच्या एका हॉटेलात मी धुलाई सांभाळते. म्हणजे तुझंच काम, फक्त नदी नाही. बंदरात जहाज लागलं की खोल्या भरतात, पण त्या दिवशी आमच्याकडे चादरी थोड्याच येतात. नवीन लागलेली मुलगी दर वेळी फसते. परवाच एक केरळची म्हणाली, "दीदी, आज कपडा कम है. खलास, जल्दी घर जाएंगे." मी म्हटलं, "कल देखना." दुसऱ्या दिवशी ट्रॉल्या दारातून आत येत नव्हत्या. मळलेला कपडा काल कोण होतं ते सांगतो, आज कोण आहे ते सांगत नाही. हे मला इथे पहिल्याच महिन्यात कळलं, आणि त्या दिवशी मी यंत्रांच्या आवाजात उभी राहून तुझ्यासाठी रडले. वर्षभर बरोबर आलेल्या आकड्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. मास्तरांनीही ठेवला. पण तू हयात असताना मी तुला हे कधी बोलले नाही, आणि तूही तो विषय पुन्हा काढला नाहीस.

संध्याकाळी फोन आला. मी हो म्हटलं. ओळ सांगितली, शत्रूच्या चौकीवरील सैन्याची हालचाल वर्षभर टिपली. तो एकेक शब्द उच्चारत लिहून घेत होता. "बरोबर ना, ताई?" मी म्हटलं, "बरोबर." मग मागून म्हाताऱ्या बाईचा आवाज आला, "विचार रे तिका. तिची आवस त्येका शेवटची कदी भेटल्ली? काय बोललो तो?" पुतण्या संकोचला. "आत्या सगळ्यांनाच विचारते, ताई. काकांचं शेवटचं बोलणं तिला कुणी सांगितलेलंच नाही."

मला ते दोन शब्द ठाऊक आहेत, "नक्की गो?" ते सांगितले असते तर त्यामागचा आकडा सांगावा लागला असता, आणि मग दगडावर तुझ्या नावाचं काय करायचं ते तिने ठरवलं असतं. मी म्हटलं, "आई त्याविषयी कधी बोलली नाही." ती बाई "बरा, बरा" म्हणाली.

तुला वाचता येत नव्हतं, आणि हे कुणी तुला वाचून दाखवणार नाही, म्हणून लिहिते. तुझं ते नको म्हणणं मी विसरले नव्हते. तुझं नाव मला तिथे बघायचं होतं, म्हणून त्या बाईला मी तिच्या भावाचे शब्द दिले नाहीत.