मूळ फाइली पुसल्यानंतर

३ मार्च, मंगळवार
ताईच्या दातांच्या दवाखान्याची वेबसाइट तयार. पेशंटनी घरबसल्या वेळ घ्यायची. माझ्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरवर झकास चालते. शुक्रवारी ताईला दाखवायची. पसंत पडली तर तिच्या तिन्ही दवाखान्यांचं काम मला. नोकरी सुटल्यानंतरचं पहिलंच. नाहीतर तिच्या दिराला. तोही कोड लिहितो. आपल्या परीने.

दुपारी तो येऊन गेला. म्हणाला, दादा, बघू तरी कसं केलंयस. लॅपटॉपचं झाकण मिटलं. चहाही दिला नाही.

४ मार्च
तोडगा निघाला. कोड कंपाइल केला. आता तो यंत्राला कळतो, माणसाला वाचता येत नाही. सर्व्हरला एवढ्या फाइली पुरतात. मूळ फाइली पुसल्या. ट्रॅशही रिकामा केला. बायको म्हणाली, एक प्रत तरी ठेवायचीस. तिला सिक्युरिटी कळत नाही.

५ मार्च, सकाळी ११
ताईचा फोन. दवाखाना मंगळवारी नाही, बुधवारी बंद असतो, तेवढं बदल. म्हटलं, दोन मिनिटांचं काम.

११.०२
फाइल उघडली. चौकोन, प्रश्नचिन्हं, मध्येच ‘मंगळवार’. ओळखीचा शब्द दिसल्यावर धीर आला. पुसून ‘बुधवार’ लिहिलं. सेव्ह केलं.

११.०५
सर्व्हर चालू होत नाही. सर्व्हर बिघडला असावा.

दुपारी ४
अशा फाइलीतून कोड परत काढणारं टूल सापडलं. म्हणतं, फाइल खराब आहे. टूल फालतू. बायको म्हणाली, ताईंना खरं काय ते सांगून टाक. नको. आठवून पुन्हा लिहीन. लिहिलं कोणी होतं? मीच ना.

६ मार्च, सकाळी ८.४०
तेहेतीस ओळी आठवल्या. त्यातल्या अकरा रिकाम्या. घाबरण्यासारखं काही नाही. वेबसाइटचे जुने फोटो मोबाइलमध्ये आहेत.

दुपारी १
फोटो पडदाभर मोठे करून दाखवले. ताईने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. म्हणाली, अरे, हे हलत का नाही? म्हटलं, आधी रंगसंगती बघ. म्हणाली, रंगसंगतीने दाढ काढू का? दीर खिडकीबाहेर बघत होता. चेहऱ्यावर हसू नव्हतं. नाटकी आहे.

७ मार्च
काम दिराला. त्याला पंधरा दिवस लागतील म्हणे. तोवर फोनवर वेळा घ्यायला ताईला विश्वासाचं माणूस हवंय. तिने मला विचारलं. एकदम नाही म्हटलं नाही.

९ मार्च
काउंटरवर पहिला दिवस. अकराची वेळ दोघांना दिली गेली. ताई म्हणाली, पेन्सिलने लिहीत जा.